कोरा पास: नवशिक्यांचा कन्स्ट्रक्टर कुठे अडतो

मुलुंडहून भाचीचा फोन आला तेव्हा मी दादरला स्लो गाडीची वाट बघत उभी होते. "मावशी, माझी पहिलीच ओळ चालत नाहीये." बीएस्सी आयटीचं दुसरं वर्ष, विषय पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा. कॉलेजातून काम दिलं होतं की रोजच्या वापरातली एखादी वस्तू घ्या आणि तिचा क्लास लिहून आणा. हिने रेल्वेचा पास घेतला. निवड झकास होती. पासावर नाव असतं, कुठून कुठपर्यंत ते असतं, फर्स्ट की सेकंड ते असतं, मुदत असते. नमुना एकच आणि त्यावरून निघालेले पास लाखो, प्रत्येकावरचा मजकूर मात्र वेगळा. नमुना म्हणजे क्लास, त्यावरून निघालेला एकेक पास म्हणजे ऑब्जेक्ट; हा फरक सांगायला मुंबईत याहून जवळचं उदाहरण शोधायला नको. आणि नव्या पासावर मजकूर भरायचं काम ज्याच्याकडे, तो कन्स्ट्रक्टर.

"वाचून दाखव," मी म्हटलं.

"क्लास, स्पेस, पी ए एस एस, कोलन."

"थांब. आणि कन्स्ट्रक्टरच्या कंसात काय काय घेतलंयस?"

"सेल्फ, नेम, फ्रॉम, टू, क्लास."

मला हसू आवरेना. पायथॉनने स्वतःच्या कामासाठी ३५ शब्द राखून ठेवलेले आहेत. त्यात 'पास' आहे. 'इथे काही करायचं नाही, पुढे चल' असं सांगायला तो वापरतात. 'फ्रॉम' आहे, दुसऱ्या फाइलमधून काही आणायला. 'क्लास' तर आहेच. पोरीने शोधून शोधून राखीव डबेच पकडले होते. 'नेम' आणि 'टू' तेवढे जनरलचे निघाले.

उपाय सोपा. क्लासच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं. पायथॉनला लहान आणि मोठं अक्षर वेगळं दिसतं, आणि क्लासचं नाव कॅपिटलने सुरू करायचा रिवाजही आहे. 'फ्रॉम' आणि 'क्लास' यांना दुसरी नावं द्यायची, नाहीतर शेवटी एक अंडरस्कोर (_) जोडायचा. जावा या दुसऱ्या भाषेत हे काम केलं असतं तर या तिघांतला फक्त 'क्लास' अडला असता.

ही झाली सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमातली चूक, आणि माझ्या मते नवशिक्याला भेटणाऱ्या चुकांत सगळ्यांत सज्जन चूक हीच. प्रोग्राम सुरूच होत नाही, बोट नेमक्या ओळीवर ठेवतो. छळतात त्या पुढच्या चुका. खिडकीवर पास चुकीचा छापला जातो, पण कळतं कधी? दादरच्या पुलावर टीसीने हात पुढे केला की. कन्स्ट्रक्टरचं अगदी तसंच आहे. चूक होते ऑब्जेक्ट बनताना आणि एरर येते चाळीस ओळी खाली, भलत्याच मेथडमध्ये (मेथड म्हणजे क्लासला नेमून दिलेलं एखादं काम). मुलं मग त्या चाळिसाव्या ओळीतच डोकं घालून बसतात.

तो घालतो, बनवत नाही

परीक्षेसाठी पाठ करून घेतात ती व्याख्या अशी: कन्स्ट्रक्टर म्हणजे ऑब्जेक्ट तयार करणारी मेथड. पायथॉनपुरती ही व्याख्या निम्मी चूक आहे, आणि या निम्म्या चुकीतूनच बरेच गोंधळ निघतात. पायथॉनमध्ये ऑब्जेक्ट आधी तयार होतो. ते काम 'न्यू' नावाची एक वेगळी मेथड करते; तिच्या वाटेला आपण सहसा जात नाही. मग तो कोरा ऑब्जेक्ट 'इनिट' या मेथडच्या हातात दिला जातो आणि इनिट त्यात माहिती भरते. खिडकीवरच्या माणसाच्या मशीनमध्ये कोरा कागद आधीच असतो, तो फक्त त्यावर तुमचं नाव छापतो. इनिट म्हणजे ते छापणं.

हे प्रकरण आलं कुठून तेही सांगते, कारण त्याने कन्स्ट्रक्टरचा हेतू कळतो. सी भाषेत एखादं स्ट्रक्चर, म्हणजे माहितीच्या रकान्यांचा गठ्ठा, बनवलं की त्यात सुरुवातीच्या किमती भरायची जबाबदारी पूर्णपणे प्रोग्रामरची. भरायला विसरलात तर मेमरीत आधीचा जो काही कचरा असेल तोच तुमचा डेटा. संगणकशास्त्रज्ञ ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत सी भाषेला क्लास जोडायला घेतले, त्याचीच पुढे सी प्लस प्लस झाली. ऑब्जेक्ट बनला की भरण्याची मेथड आपोआप चाललीच पाहिजे, माणसाच्या आठवणीवर सोडायचं नाही, ही सोय त्यात आली. म्हणजे कन्स्ट्रक्टर हा मुळात विसराळूपणावरचा उपाय आहे. गंमत अशी की त्याच्यातल्या बहुतेक चुका होतात त्याही काहीतरी विसरल्यामुळेच.

आता कोड बघू. फोनवर जसा वाचतात तसाच देवनागरीत लिहिते:

क्लास रेल्वेपास:
    डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, कुठून, कुठे, दर्जा):
        सेल्फ.नाव = नाव
        सेल्फ.कुठून = कुठून
        सेल्फ.कुठे = कुठे
        सेल्फ.दर्जा = दर्जा

माझा = रेल्वेपास("सुमन", "मुलुंड", "दादर", "सेकंड")

यातले क्लास, डेफ ('इथून मेथड सुरू') आणि इनिट हे तीन शब्द रोमन लिपीतच टाइप करावे लागतात. बाकीची नावं, म्हणजे रेल्वेपास, नाव, कुठून, दर्जा, ही पायथॉन ३ मध्ये देवनागरीत लिहिली तरी खरोखर चालतात. सेल्फसुद्धा राखीव शब्द नाही. तिथे 'स्वतः' लिहिलं तरी पायथॉन मुकाट चालवतो. पण कॉलेजात देताना हा उद्योग करू नका. सेल्फ हा सगळ्या जगाने पाळलेला रिवाज आहे आणि तपासणाऱ्याच्या संयमाला मर्यादा असतात.

काहीही बिघडलं की मी तीन प्रश्न याच क्रमाने विचारते: कन्स्ट्रक्टर चालला का, त्याच्या हातात काय पडलं, आणि त्याने ते ठेवलं कुठे. भाचीलाही हेच सांगितलं आणि 'हे कुठल्या पुस्तकात आहे' असं तिने विचारल्यावर 'लोकलमध्ये' म्हणून मोकळी झाले.

चालला का?

हा प्रश्न कोणी विचारतच नाही. लिहिलाय म्हणजे चालणारच, असं आपण धरून चालतो. खात्री करायची रीत मात्र अगदी बाळबोध आहे. इनिटच्या आत पहिल्याच ओळीत एक प्रिंट टाका: "इनिट सुरू". प्रोग्राम चालवा. हे शब्द पडद्यावर दिसले नाहीत तर पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही.

न चालण्याचं पहिलं कारण अंडरस्कोर. इनिटच्या आधी दोन आणि नंतर दोन लागतात. इंग्रजीत त्याला लाडाने 'डंडर' म्हणतात. पडद्यावर दोन अंडरस्कोर एकमेकांना चिकटून एकच लांब रेघ दिसते. पुस्तकात, फळ्यावर, पीडीएफमध्ये सगळीकडे रेघच. बघून उतरवणारा एकच टाकतो. पायथॉनच्या दृष्टीने मग ती तुमची कुठलीतरी साधी मेथड झाली. तिला स्वतःहून कोणी बोलावणार नाही. तुम्ही मात्र चार गोष्टी कंसात देता, त्यामुळे तो म्हणतो, "रेल्वेपास टेक्स नो आर्ग्युमेंट्स", हा क्लास कंसातलं काही (तेच आर्ग्युमेंट) घेतच नाही. मुलं भांबावतात: अरे, चार लिहिल्यात की मी! लिहिल्यात, पण ज्या मेथडमध्ये लिहिल्यात तिला तो ओळखत नाही. हा मेसेज दिसला की बाकी सगळं सोडा आणि इनिटचं स्पेलिंग बघा.

स्पेलिंगचा दुसरा चकवा आणखी बेरकी आहे. इनिटच्या जागी 'इंट' लिहिलं जातं, एक आय सुटतो. अंडरस्कोर चारही बरोबर. डोळ्याला काही खटकत नाही, आणि रंगीत अक्षरांत कोड दाखवणारा एडिटरही त्याला खास मेथडचा रंग देतो, कारण 'डंडर इंट' नावाची खरीखुरी मेथड पायथॉनमध्ये आहे; ऑब्जेक्टचा पूर्णांक करायला ती लागते. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी या एका आयपायी मी अख्खी दुपार घालवली आहे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने चहाचा कप हातात धरूनच ती चूक दाखवली. तेव्हापासून मी त्याच्याशी कपबशीच्या अंतरावरून बोलते.

तिसरं कारण समास, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा. डेफ ही ओळ क्लासच्या आत सरकलेली नसेल आणि डाव्या कडेला चिकटलेली असेल, तर इनिट क्लासच्या बाहेर पडलं. क्लासच्या आत दुसरं काहीतरी असेल तर सिंटॅक्स एररही येत नाही. उलटही होतं: 'छाप' नावाची दुसरी मेथड चुकून इनिटच्याही आत सरकते. मग इनिट व्यवस्थित चालतं, पण छाप ही त्याच्या पोटातली खाजगी गोष्ट होऊन बसते आणि माझा.छाप() म्हटलं की या ऑब्जेक्टकडे छाप नाही असं उत्तर येतं.

चौथं, कंस. 'माझा = रेल्वेपास' एवढंच लिहिलं, पुढचा कंस राहिला. एररबिरर काही नाही. पण तुम्ही पास काढलाच नाही, कोऱ्या फॉर्मलाच 'माझा' हे दुसरं नाव दिलंत. पुढे माझा.छाप() बोलावलंत की पायथॉन म्हणतो, सेल्फ नावाचं एक आर्ग्युमेंट कमी आहे. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. सेल्फ आपण हाताने कधीच देत नसतो. तोच कमी पडतोय असं भाषा म्हणत असेल, तर तुम्ही ऑब्जेक्टऐवजी क्लासलाच हाक मारताय.

आणि पाचवं म्हणजे दोन इनिट. जावातून पायथॉनकडे आलेली मुलं हमखास करतात. जावात एका क्लासला अनेक कन्स्ट्रक्टर देता येतात, कंसातल्या गोष्टी वेगळ्या असल्या की झालं. पायथॉनमध्ये दुसरं इनिट लिहिलं की पहिलं पुसलं जातं, ब्र न काढता. शेवटी लिहिलेलं तेवढं खरं.

जावाचाही एक सापळा इथेच सांगते, कारण मुंबईच्या कॉलेजांत पोरं दोन्ही भाषा एकाच वर्षात शिकताना दिसतात. जावात कन्स्ट्रक्टरचं नाव क्लासच्या नावासारखंच असतं आणि त्याला परतीचा प्रकार नसतो. सवयीने कोणी पुढे 'व्हॉइड' ('काही परत देत नाही') लावतो. तसं केलं की तो कन्स्ट्रक्टर राहत नाही, क्लासच्याच नावाची एक साधी मेथड होते. कंसात काही न घेणारा कन्स्ट्रक्टर असेल तर कंपायलर, म्हणजे कोड चालवण्याआधी तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम, तक्रार करत नाही. ऑब्जेक्ट बनतो आणि आत नाव 'नल', म्हणजे काहीच नाही, आकडे शून्य. कोरा पास, पण शिक्का मारलेला.

सी प्लस प्लसमध्ये 'रेल्वेपास माझा' आणि पुढे रिकामा कंस असं लिहिलं, तर कंपायलर त्याला ऑब्जेक्ट मानतच नाही. रेल्वेपास परत देणारं 'माझा' नावाचं फंक्शन पुढे कुठेतरी आहे असं समजतो. रिकामा कंस काढून टाका, किंवा महिरपी कंस वापरा.

काय मिळालं?

प्रिंट दिसलं, म्हणजे इनिट चाललं. आता त्याच्या हातात काय पडलं ते बघायचं. इथे सेल्फ नीट समजून घेतल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, म्हणून जरा थांबते.

इनिटचा कोड एकच आहे आणि पास हजारो. आत 'नाव भर' असं लिहिलंय, पण कोणाच्या पासावर? हे त्याला कोणीतरी सांगायला हवं. म्हणून पायथॉन प्रत्येक वेळी नवा कोरा ऑब्जेक्ट सगळ्यांत आधी, पहिल्या जागी, स्वतःहून सरकवतो. त्याला हातात धरायला जे नाव ठेवलंय ते सेल्फ. रेल्वेपास("सुमन", "मुलुंड", "दादर", "सेकंड") यात तुम्हाला चार गोष्टी दिसतात, इनिटकडे मात्र पाच पोचतात.

आता समजा डेफच्या कंसात सेल्फ लिहायचा राहिला आणि फक्त नाव, कुठून, कुठे, दर्जा असे चार आहेत. मेसेज येतो: चार घेतो, पण पाच दिलेत. मुलं कंसातल्या गोष्टी बोटांवर मोजतात, चारच भरतात, आणि संगणकाला मोजता येत नाही या निष्कर्षाला येतात. मोजता येतं हो. एक पॅसेंजर तुम्हाला न दिसता चढलेला आहे. घेतले आणि दिले यांत बरोबर एकाचा फरक असेल तर माझा पहिला संशय नेहमी सेल्फवर असतो.

उलट बाजूचा मेसेज, अमुक एक आर्ग्युमेंट मिसिंग, हा मदतीचा आहे. त्यात नावही असतं: 'दर्जा' मिसिंग. खिडकीवरचा माणूस सांगतोय की फॉर्मवरचा हा रकाना रिकामा आहे. द्या, नाहीतर डेफमध्येच दर्जा="सेकंड" असं लिहून ठेवा, म्हणजे कोणी काही न सांगितल्यास सेकंड धरला जाईल.

जावात यासारखाच पण जास्त चमत्कारिक प्रसंग येतो. तुम्ही एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नाही तर जावा एक रिकामा कन्स्ट्रक्टर आपणहून देते आणि रिकाम्या कंसाने ऑब्जेक्ट बनतो. एके दिवशी तुम्ही नाव घेणारा कन्स्ट्रक्टर लिहिता आणि कालपर्यंत चालणाऱ्या जुन्या ओळी लाल होतात. काही तोडलं नाही, उलट भरच घातली, मग मोडलं का? कारण तुमचा आला की जावा आपला काढून घेते. रिकामाही हवा असेल तर तो आता हाताने लिहायचा.

क्रमाची चूक मात्र यातली कुठलीच भाषा पकडत नाही. नाव, कुठून आणि कुठे या तिन्ही जागी अक्षरंच जातात, त्यामुळे "मुलुंड" नावाची बाई "सुमन"हून "दादर"ला जाते आणि प्रोग्राम आनंदाने चालतो. पायथॉनमध्ये यावर चांगला उतारा आहे: बोलावताना नावं लिहून द्या, नाव="सुमन", कुठून="मुलुंड". तीनपेक्षा जास्त गोष्टी द्यायच्या असतील तर मी स्वतः नावानिशीच देते. टाइप जास्त करावं लागतं, पण नंतर पुलावर उभं राहावं लागत नाही.

ठेवलं कुठे?

चालला, योग्य गोष्टी मिळाल्या, तरीही पुढे नाव सापडत नाही. हा सगळ्यांत खोल भाग, आणि भाचीची संध्याकाळ इथेच गेली. इनिटच्या आत तिने लिहिलं होतं 'नाव = नाव'. सेल्फ आणि टिंब नाही.

इनिटला मिळालेल्या गोष्टी त्याच्या खिशात असतात. ते संपलं की खिसा रिकामा होतो. 'सेल्फ.नाव = नाव' याचा अर्थ: खिशातलं नाव काढून पासावर लिही. नुसतं 'नाव = नाव' म्हणजे खिशातून काढून परत खिशात. पायथॉनला यात काही गैर वाटत नाही. गैर वाटतं ते पुढे, छाप ही मेथड सेल्फ.नाव मागते तेव्हा: रेल्वेपास ऑब्जेक्टला नाव हा ॲट्रिब्यूट, म्हणजे रकाना, नाही. एरर छापमध्ये दिसते म्हणून ती छाप दुरुस्त करत बसली होती. जावात 'धिस' (तिथला सेल्फ) विसरलात तर तेच होतं, पण जावा अधिक गप्प असते. तिथे ऑब्जेक्टात नाव हा रकाना आधीपासून असतो, त्यामुळे एररच येत नाही. छापताना 'नल' असं उमटतं आणि आपण डेटा कुठून चुकीचा आला ते शोधत बसतो.

इथे एक हत्यार उपयोगी पडतं आणि नवशिक्यांना ते कोणी दाखवत नाही, याचं मला नवल वाटतं. ऑब्जेक्ट बनवल्याच्या पुढच्याच ओळीवर प्रिंट(वार्स(माझा)) लिहा. वार्स हे पायथॉनमधलं तयार फंक्शन ऑब्जेक्टच्या अंगावर काय काय लिहिलंय ते सगळं दाखवतं. रिकामा महिरपी कंस आला तर पासावर काहीच छापलेलं नाही: एकतर इनिट चाललं नाही, किंवा सगळं खिशात राहिलं. चारऐवजी तीनच दिसले तर कुठला रकाना सुटला ते लगेच कळतं. एका जागी सेल्फ.मुदत आणि दुसऱ्या जागी सेल्फ.मूदत लिहिलं असेल तर तेही दिसतं, कारण पायथॉन ऱ्हस्व-दीर्घाची चूक सुधारत नाही, नवा रकाना उघडून देतो. ३.१० पासून तो एररमध्ये 'तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का' असं सुचवायला लागला आहे. मराठीच्या बाईंपेक्षा सौम्य शब्दांत.

आता चाळीचा नळ. समजा प्रत्येक पासावर झालेल्या फेऱ्या नोंदवायच्या आहेत, म्हणून क्लासखालीच, इनिटच्या बाहेर, तुम्ही 'फेऱ्या = [ ]' अशी रिकामी यादी ठेवली. सुमनच्या पासात एक फेरी घातली आणि शेजारच्या कोणाचा पास उघडला, तर तीच फेरी तिथेही. क्लासच्या अंगावर लिहिलेली गोष्ट सगळ्यांची मिळून एक असते, चाळीच्या टोकाशी असलेल्या सामाईक नळासारखी. एकीने बादली लावली की दुसरीला दिसतेच. प्रत्येकीच्या मोरीत स्वतंत्र नळ हवा असेल तर यादी इनिटच्या आत, सेल्फला जोडून बनवायची. वार्समध्ये फेऱ्या दिसत नाहीत पण माझा.फेऱ्या म्हटलं की मिळतात, असं झालं तर ओळखा की नळ सामाईक आहे.

याचाच चुलतभाऊ जास्त फसवा. यादी इनिटच्या कंसातच ठेवतात: फेऱ्या=[ ], म्हणजे कोणी दिली नाही तर रिकामी घे. वाचायला निर्दोष. पण पायथॉन ती रिकामी यादी एकदाच बनवतो, डेफची ओळ पहिल्यांदा वाचतो तेव्हा. दर पासाला नवी नाही. ज्या ज्या पासाने स्वतःची यादी आणली नाही, त्या सगळ्यांना तीच एक मिळते. वार्समध्येही सगळं ठीक दिसतं, कारण प्रत्येक पासावर यादी आहे. फक्त ती एकच आहे. उपाय: कंसात फेऱ्या=नन (पायथॉनचं 'काहीच नाही') लिहा आणि आत, नन असेल तर तिथल्या तिथे नवी यादी बनवा. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. दोन पास बनवून, एकात फेरी घालून, दुसरा छापून बघा म्हणजे पटेल.

(जाता जाता: 'फेऱ्या' हे नाव देवनागरीत देणार असाल तर सांभाळून. काही कळफलक हा जोडाक्षरातला र काढायला मध्ये एक न दिसणारं अक्षर घालतात आणि पायथॉन त्यावर अडतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही, भांडण मात्र होतं.)

फर्स्ट क्लास

वारसा, म्हणजे इनहेरिटन्स, शिकवला की पुढच्या आठवड्यात ही तक्रार येतेच. फर्स्टपास नावाचा क्लास रेल्वेपासवरून काढला. त्याला स्वतःचं इनिट दिलं, त्यात एखादी जास्तीची गोष्ट भरली, आणि नाव-कुठून-कुठे सगळं गायब. कारण मुलाचं इनिट आलं की आईचं आपोआप चालत नाही. सुपर().__इनिट__ असं म्हणून तिला बोलवावं लागतं आणि नाव, कुठून वगैरे तिच्या हातात द्यावे लागतात. तिथेही सवयीने कोणी सेल्फ लिहितं आणि 'पाच घेतो, सहा दिलेत' ऐकतं; सुपर असताना सेल्फ आपोआप जातो. मुलाला स्वतःचं इनिट दिलंच नाही तर आईचं चालतं, काही करावं लागत नाही. जावात मात्र कंपायलर आईच्या रिकाम्या कन्स्ट्रक्टरला गुपचूप बोलावतो, आणि तो नसेल तर कंपाइल करायलाच नकार देतो. इथे मला जावाचं वागणं जास्त आवडतं.

वर वर वाचत जा

एरर आली की पायथॉन ओळींची एक माळ छापतो. ती खालून वर वाचायची. सगळ्यांत खालची ओळ काय झालं ते सांगते, तिच्या वरची कुठे झालं ते. तिथून वर चढत आपल्या फाइलमधली ओळ गाठायची. जावात उलट: काय झालं ते सर्वांत वर. पण कन्स्ट्रक्टरच्या चुकीत दोन्ही माळा तुम्हाला टीसी उभा आहे तिथेच नेऊन सोडतात, खिडकीपर्यंत नेत नाहीत. खिडकी तुम्हाला शोधायची असते: हा ऑब्जेक्ट कुठल्या ओळीत बनला? तिथे जाऊन वार्स.

त्याहून बरं म्हणजे खिडकीवरच अडवणं. ओळखपत्राचा नंबर दिल्याशिवाय पास मिळत नाही, तसं इनिटमध्येच तपासा. कुठून आणि कुठे सारखेच असतील, नाव रिकामं असेल, तर 'रेज' वापरून तिथेच व्हॅल्यू एरर फेका. नवशिक्यांना आपणहून एरर फेकणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा वाटतो. पण अर्धवट भरलेला ऑब्जेक्ट प्रोग्रामभर हिंडू देणं याहून महाग पडतं. इनिटमधून 'चूक' असा शब्द रिटर्न करून मात्र भागत नाही. इनिटने ननशिवाय काही परत दिलं की पायथॉन टाइप एरर देतो. त्याचं काम भरणं, उत्तर देणं नाही.

गाडी आली, चढले, नेटवर्क कुर्ल्याला गेलं ते विक्रोळीला परत आलं. तोवर भाचीने सेल्फ लावून घेतले होते. तरी आवाज रडवेला. प्रिंट(माझा) केलं आणि पडद्यावर कंस, मेन, रेल्वेपास ऑब्जेक्ट ॲट, आणि शून्य-एक्सने सुरू होणारा लांबलचक आकडा. "मावशी, अजून बिघडलेलंच आहे."

काही बिघडलेलं नव्हतं. ऑब्जेक्ट कसा छापायचा ते तुम्ही सांगितलं नाही तर पायथॉन त्याचा प्रकार आणि एक पत्ता दाखवतो, एवढंच. त्यासाठी 'डंडर एसटीआर' नावाची वेगळी मेथड लिहायची असते; कन्स्ट्रक्टरचा त्याच्याशी संबंध नाही.

"वार्स कर," मी म्हटलं.

नाहूर येईपर्यंत चारही रकाने वाचून झाले. नाव बरोबर, मुलुंड बरोबर, दादर बरोबर. दर्ज्याच्या जागी तिने स्वतःला फर्स्ट देऊन टाकला होता.